दूरच्या खुर्चीचा इतिहास

भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात आहे, तो जिल्हा १९०६ साली रायपूर आणि बिलासपूर या जिल्ह्यांचे काही भाग वेगळे काढून तयार करण्यात आला. त्या वेळी तो मध्य प्रांतात होता आणि मध्य प्रांताची राजधानी होती नागपूर. मुंबई-हावडा मार्गावर दुर्गहून नागपूर सुमारे २६५ किलोमीटर. रात्री गाडीत बसलेला अधिकारी सकाळी सचिवालयातल्या बैठकीला हजर राहू शकत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला आणि राजधानी भोपाळला हलली. गंमत अशी की दुर्गहून भोपाळला जायचे तर रेल्वेचा सोयीचा रस्ता नागपूर-इटारसीवरूनच होता. म्हणजे जुनी राजधानी खिडकीतून पाहत नव्या राजधानीकडे आणखी चारशे किलोमीटर जायचे. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले, राजधानी रायपूरला आली आणि दुर्गपासून मंत्रालयाचे अंतर एकदम चाळीस किलोमीटरवर आले.

हे सारे सांगण्याचे कारण असे की एका जिल्ह्याचा प्रशासकीय इतिहास हा पुष्कळदा 'बैठक कुठे भरते' याचा इतिहास असतो. जिथे टेबल आहे तिथले लोक बोलतात; दूरचे लोक अहवाल पाठवतात. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत दूरच्या माणसाला पडद्यावर आणून बैठकीत बसवण्याची सोय झाली आणि हा प्रश्न सुटला असे आपण धरून चाललो. तो सुटला आहे का, हे तपासण्यासाठी मी भिलाईकडे वळलो, कारण दूरच्या खुर्चीवर बसण्याचा अनुभव या गावाइतका फार थोड्या गावांना असेल.

भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला. पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन करण्यासाठी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ४ फेब्रुवारी १९५९ रोजी स्वतः भिलाईला आले. पण कारखान्याचे निर्णय भिलाईत होत नसत. हिंदुस्तान स्टील कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय आधी दिल्लीत, जुलै १९५६ पासून कलकत्त्यात आणि डिसेंबर १९५९ पासून रांचीत होते. मंत्रालय दिल्लीत, यंत्रे व तज्ज्ञ सोव्हिएत संघातले, राज्य सरकार भोपाळमध्ये. भिलाईच्या अधिकाऱ्याला यांपैकी कोणाशीही बोलायचे तर ट्रंक कॉल लावावा लागे. देशात एस.टी.डी. सेवा सुरू झाली तीच १९६० च्या नोव्हेंबरमध्ये आणि तीही फक्त कानपूर-लखनौ या दोन शहरांदरम्यान. इतरांनी एक्स्चेंजकडे नंबर नोंदवायचा, 'ऑर्डिनरी', 'अर्जंट' की 'लाइटनिंग' ते सांगायचे आणि वाट पाहत बसायचे.

कॉल लागला की दुसरी अडचण सुरू होई. टेलिफोनची तार माणसाचा सगळा आवाज वाहून नेत नाही. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेते. आपल्या 'स'चा सीत्कार बहुतांश याच्या वर असतो, म्हणजे तो तारेतच गळतो. मराठीत 'सदुसष्ट' आणि 'अडुसष्ट', हिंदीत 'सड़सठ' आणि 'अड़सठ' यांतला फरक प्रामुख्याने त्या आरंभीच्या 'स'वर उभा आहे. ज्या कारखान्याचा रोजचा व्यवहार टनांच्या आकड्यांत चालतो, तिथे याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. जुन्या कचेऱ्यांत फोनवर आकडे सांगताना 'छह सात, सड़सठ' असे अंक सुटे करून, पुन्हा एकदा म्हणून दाखवण्याची जी पद्धत होती, ती विनाकारण नव्हती. पलीकडच्याला नीट ऐकू येत नाही हे उभयपक्षी मान्य होते आणि म्हणून त्याच्यासाठी शिस्त होती. सोव्हिएत तज्ज्ञांबरोबरच्या चर्चेत दुभाषी बसत. दुभाष्यामुळे एका वेळी एकानेच बोलायचे, थांबायचे, मग उत्तर ऐकायचे, असा क्रम आपोआप पाळला जाई. त्या बैठका संथ होत असणार. पण कोण काय म्हणाले याविषयी शंका राहण्याचे कारण कमी होते.

दूरच्या माणसासह सभा भरवण्याचा याहून जुना प्रयोग अमेरिकेतल्या विद्युत अभियंत्यांचा. १६ मे १९१६ रोजी त्यांच्या संस्थेने न्यूयॉर्कपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंतची आठ शहरे टेलिफोनने जोडून एकच सभा घेतली. प्रत्येक सभागृहात प्रत्येक खुर्चीपाशी ऐकण्याचे स्वतंत्र यंत्र होते. यातली मेख आज चटकन लक्षात येत नाही. आवाज प्रत्येकाच्या कानाशीच पोहोचत असल्यामुळे तो सभागृहात घुमून पुन्हा तारेत शिरण्याचा प्रश्नच उरत नव्हता. शंभर वर्षांनंतरच्या आमच्या सभागृहांत भिंतीवर मोठे ध्वनिवर्धक टांगलेले असतात आणि 'सर, आवाज घुमतोय' हे बैठकीतले पहिले वाक्य असते.

आपल्याकडचा माझ्या मते सर्वांत विचारपूर्वक केलेला प्रयोग मात्र महाराष्ट्रातला आहे, आणि बाहेरच्या मराठी वाचकांना तो क्वचितच ठाऊक असतो. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांचे श्रोतृगट उभारले. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम मराठीतून झाले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करत, आणि चर्चेतून निघालेले प्रश्न टपालाने केंद्राकडे जात. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत दिली जात. आकाशवाणीचे महासंचालक त्या वेळी जगदीशचंद्र माथुर होते, आय.सी.एस. अधिकारी आणि 'कोणार्क'सारखे नाटक लिहिणारे हिंदीतले नाटककार. (नाटककाराला श्रोता हा शब्द केवळ आकडा वाटत नाही, हे त्याचे एक कारण असावे.) मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने पॉल न्यूराथ यांच्या मार्गदर्शनाखाली केले आणि श्रोतृगट असलेल्या गावांची तुलना नसलेल्या गावांशी केली. गट असलेल्या गावांत माहिती स्पष्टपणे वाढलेली दिसली.

या प्रयोगात जाणारा आवाज क्षणात पोहोचत होता आणि परत येणारा आवाज टपालाच्या पिशवीतून काही दिवसांनी. तरीही परतीचा रस्ता योजनेतच आखलेला होता. त्यासाठी माणूस नेमलेला होता, प्रश्नाची नोंद होत होती आणि उत्तर देणे केंद्रावर बंधनकारक होते. १९५९ पासून ही कल्पना देशातल्या इतर केंद्रांवरही नेण्यात आली. पुढे ती क्षीण झाली. असो.

दुर्ग जिल्ह्याच्या वाट्याला पडदा आला तो १९७५ साली, आणि तो जगातल्या बहुतेकांच्या आधी आला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेचा ए.टी.एस.-६ हा उपग्रह वापरून इस्रोने 'साइट' हा प्रयोग केला. सहा राज्यांतली सुमारे २४०० गावे निवडली गेली. मध्य प्रदेशातले जिल्हे होते रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची तबकडी, तिच्याखाली सामुदायिक दूरचित्रवाणी संच, सकाळी मुलांसाठी आणि संध्याकाळी सर्वांसाठी कार्यक्रम. चित्र एकच, पण त्यासोबत आवाजाच्या दोन वाहिन्या, जेणेकरून तेच चित्र दोन भाषांत ऐकवता यावे. तंत्रज्ञांनी आवाजाचा इतका विचार केला होता. पण परतीची वाहिनी नव्हती. भिलाईच्या भट्ट्यांपासून काही कोसांवरच्या गावात शेतकरी अवकाशातून आलेला सल्ला ऐकत होता आणि त्याला काही विचारायचे असेल तर त्याच्याजवळ पोस्टकार्डच होते.

ती वाहिनी यायला वीस वर्षे लागली. नोव्हेंबर १९९६ मध्ये त्याच मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात इस्रोने १५० गावांत ग्रहणकेंद्रे बसवली आणि बारा विकासखंड मुख्यालयांत उलट बोलण्याची सोय केली: चित्र एकेरी, आवाज दुहेरी. माझ्या दृष्टीने हा क्रम अगदी योग्य होता. दूरच्या माणसाचा चेहरा दिसला नाही तरी चालेल, त्याचे बोलणे आले पाहिजे. नंतरच्या काळात सरकारी खरेदीचा क्रम उलटा झाला. आधी मोठा पडदा, मग मोठा कॅमेरा आणि उरलेल्या पैशांत माईक.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने, म्हणजे एन.आय.सी.ने, जिल्हा मुख्यालये उपग्रहाने जोडली आणि पुढे याच जाळ्यावर व्हिडिओ कॉन्फरन्स सुरू झाल्या. छत्तीसगड-मध्य प्रदेशात या प्रकाराला सरसकट 'व्हीसी' म्हणतात. 'आज व्हीसी है' म्हटले की कलेक्टर कचेरीत त्या दिवशी दुसरे काम होत नाही, हे कळून चुकावे. २००३ पासून गुजरातमध्ये 'स्वागत' आणि २५ मार्च २०१५ पासून केंद्रात 'प्रगती' या उपक्रमांनी अशा बैठकांना ठरावीक वार आणि प्रतिष्ठा दिली. त्याचा लाभ झाला हे मान्य केले पाहिजे. वर्षानुवर्षे अडकलेली रेल्वेमार्गाची जमीन किंवा वनखात्याची परवानगी एका दुपारी सुटलेली मी पाहिली आहे, कारण सगळे संबंधित एकाच वेळी समोर होते आणि कोणालाही दुसऱ्याकडे बोट दाखवता येत नव्हते.

पण उपग्रह जमिनीपासून जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर असतो. आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. प्रश्न गेला आणि उत्तर आले की अर्धा सेकंद झाला. एका दूरच्या केंद्राला दुसऱ्या दूरच्या केंद्राशी मध्यवर्ती भूकेंद्रामार्गे बोलायचे असेल तर हा हेलपाटा दुप्पट. अर्धा सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. २००९ साली निरनिराळ्या खंडांतल्या दहा भाषांचा अभ्यास करून संशोधकांनी दाखवले की प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत माणसे सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्साच घेतात. त्या दहांत मराठी नव्हती, पण आपल्या घरातल्या बोलण्यावर घड्याळ लावले तर वेगळे काही निघेल असे मला वाटत नाही. म्हणजे दुर्गचा अधिकारी राजधानीतल्या टेबलाला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशिरा उत्तर देत होता, आणि त्यात त्याचा काहीही दोष नव्हता.

हा उशीर यंत्राच्या खात्यावर न पडता माणसाच्या खात्यावर पडतो. २०१४ साली जर्मनीतल्या संशोधकांनी नेमके हेच तपासले: संभाषणात मुद्दाम विलंब घातला असता लोकांना पलीकडचा माणूस कमी लक्ष देणारा आणि मनापासून न बोलणारा वाटू लागला. आता याच्यावर सरकारी उतरंड चढवून पाहा. वरिष्ठ विचारतो, 'किती हातपंप दुरुस्त झाले?' अर्धा सेकंद शांतता. वरिष्ठाला वाटते, तयारी नाही. तो पुन्हा बोलू लागतो, तेवढ्यात पहिले उत्तर येऊन धडकते, दोघेही थांबतात, मग वरिष्ठच बोलतो, कारण अशा वेळी कनिष्ठ नेहमीच गप्प बसतो.

पुढे उपग्रहाच्या जागी काचतंतू आला. त्यातून हजार-बाराशे किलोमीटर जायला प्रकाशाला सहा-सात सहस्रांश सेकंद पुरतात. उरलेला विलंब आता संगणक आवाजाचे तुकडे करून जोडताना घालतात आणि तो पुष्कळ कमी असतो. म्हणून सगळे दूरच असतील तर बैठक बऱ्यापैकी चालते. २०२० सालच्या टाळेबंदीत प्रत्येकजण आपापल्या घरी, आपापल्या माईकपुढे होता आणि दुर्गचा तहसीलदार व रायपूरचा सचिव यांच्या चौकटी पडद्यावर एकाच मापाच्या होत्या. खरी पंचाईत झाली ती नंतर, निम्मे लोक पुन्हा सभागृहात आले तेव्हा.

सभागृहातल्या माणसाला दोन कान असतात. दोघे एकदम बोलले तरी कोणता आवाज कुठून येतो हे त्याला कळते आणि हवा तो आवाज तो वेचून घेतो. ब्रिटनमधल्या कॉलिन चेरी यांनी १९५३ साली या गोष्टीचा पहिला पद्धतशीर अभ्यास केला. टेबलावरच्या एका माईकमधून दूरच्या माणसाला मात्र हे सगळे एकाच नळीतून मिळते: सचिवांचा आवाज, शेजारची कुजबुज, कपबशा, वातानुकूलन यंत्र. शिवाय अंतर दुप्पट झाले की माईकपर्यंत पोहोचणारी ध्वनीची तीव्रता एक चतुर्थांश होते. माईक अध्यक्षांसमोर असतो. तिसऱ्या रांगेतला अभियंता, ज्याला खरी माहिती असते, तो दूरच्यांच्या लेखी बोललेलाच नसतो. संगमरवरी फरशी आणि काचेच्या भिंती यांनी शोभा वाढते आणि आवाज घुमतो. पलीकडून आलेला आवाज ध्वनिवर्धकातून माईकमध्ये शिरून परत पलीकडे जाऊ नये यासाठी प्रतिध्वनी वजा करण्याची युक्ती अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात निघाली. तिच्या जनकांत मनमोहन सोंधी हे भारतात जन्मलेले शास्त्रज्ञ अग्रभागी होते. त्यांचा यावरचा निबंध १९६७ सालचा. आज प्रत्येक मोबाइलमध्ये या युक्तीचा वंशज बसलेला आहे. पण सभागृहात कोणी स्वतःचा लॅपटॉप उघडून त्याच बैठकीत शिरला आणि आवाज बंद करायला विसरला, की सोंधींचे गणितही हात टेकते.

परदेशातून पुण्याच्या किंवा नागपूरच्या घरातल्या कौटुंबिक बैठकीला पडद्यावरून बसणाऱ्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाणखान्यात सगळे एकदम हसतात, कशाला ते आपल्याला कळत नाही, आणि 'काय झालं?' असे विचारेपर्यंत विषय वडिलांच्या औषधांवरून जमिनीच्या वाटणीवर गेलेला असतो. तिथे प्रेमाची माणसे असतात. कोणीतरी फोन उचलून पुन्हा सांगते. कचेरीत पुन्हा सांगणार कोण?

एका राज्यातल्या एका आढावा बैठकीचे इतिवृत्त माझ्यापुढे आले होते. पाणीटंचाईच्या विषयावर एका विकासखंडाचा अधिकारी दूरच्या केंद्रावरून सांगत होता की काही गावांत पाण्याची पातळी खाली गेल्यामुळे दुरुस्त केलेले हातपंपही कोरडे आहेत. त्याचा आवाज तुटत होता. 'आवाज़ नहीं आ रही, ठीक है, आगे बढ़िए,' असे म्हणून पुढचा विकासखंड घेण्यात आला. मी त्या बैठकीला दुसऱ्या केंद्रावर बसलो होतो आणि मला त्याचे बोलणे जेमतेम कळले होते. इतिवृत्तात त्या विकासखंडापुढे लिहिले होते, 'प्रगती समाधानकारक'. कोणी खोटे लिहिले नव्हते. लिहिणारा सभागृहात होता आणि त्याने जे ऐकले नाही ते लिहिले नाही. टँकर त्या इतिवृत्तावरून मंजूर व्हायचे होते.

कायद्याने या प्रश्नाकडे आधीच पाहिले आहे. महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या खटल्यात १ एप्रिल २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरची साक्ष मुंबईच्या न्यायालयात व्हिडिओ कॉन्फरन्सने घेण्यास मान्यता दिली. आरोपीच्या 'उपस्थितीत' याचा अर्थ एकाच खोलीत देहाने हजर असणे एवढाच नाही, असे ठरवले. त्याहून तपशिलात कंपनी कायदा गेला. २०१३ च्या कायद्याखाली २०१४ मध्ये झालेल्या नियमांत दूरस्थ संचालकाची हजेरी कशी घ्यावी हे दिले आहे: त्याने नाव सांगावे, ठिकाण सांगावे, कार्यसूची व कागदपत्रे मिळाल्याचे सांगावे, आणि आपल्याजवळ दुसरे कोणी बसलेले नाही हेही सांगावे. बोलण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःची ओळख द्यावी. सर्वांना एकमेकांचे ऐकू येते व एकमेक दिसतात याची काळजी अध्यक्षाने घ्यावी. आणि माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाचे: दूरस्थ संचालकाचे बोलणे मध्येच तुटले किंवा अस्पष्ट झाले, तर अध्यक्षाने किंवा कंपनी सेक्रेटरीने त्याला ते पुन्हा सांगण्याची विनंती करावी. इतिवृत्ताचा मसुदा पंधरा दिवसांत सर्व संचालकांकडे जातो आणि त्यावर हरकत घ्यायला सात दिवस मिळतात.

भिलाईचा कारखाना ज्या 'सेल' कंपनीचा आहे, तिच्या संचालक मंडळावर अलीकडच्या वर्षांत भिलाई कारखान्याचे प्रभारी संचालक असे पद आले. उद्या दिल्लीच्या बैठकीला ते भिलाईहून पडद्यावर बसले आणि त्यांचे एक वाक्य तुटले, तर ते पुन्हा विचारून घेणे अध्यक्षांवर नियमाने बंधनकारक आहे. त्याच दिवशी, कारखान्याच्या फाटकापासून थोड्याच अंतरावर, एखादा तहसीलदार पाण्याच्या किंवा धानखरेदीच्या आढाव्याला पडद्यावर बसला आणि त्याचे वाक्य तुटले, तर त्याच्यासाठी असा नियम मी तरी कुठल्या परिपत्रकात पाहिलेला नाही. पोलादाच्या बैठकीत दूरच्या खुर्चीला हक्क आहे. पाण्याच्या बैठकीत ती अध्यक्षांच्या स्वभावावर सोडलेली आहे.

१४ जून २०१८ रोजी पंतप्रधान भिलाईला स्वतः आले, आय.आय.टी.च्या कायम संकुलाची पायाभरणी झाली आणि ग्रामपंचायती काचतंतूने जोडणाऱ्या भारतनेटच्या दुसऱ्या टप्प्याचे काम सुरू झाल्याचे जाहीर झाले. ते संकुल पूर्ण होऊन २० फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्राला अर्पण झाले, तेव्हा समारंभ जम्मूत होता आणि भिलाई पडद्यावर. समारंभात हे शोभून दिसते, तिथे दूरच्या टोकाने टाळ्या वाजवल्या की पुरते. ग्रामपंचायतीपर्यंत तार पोहोचली की मात्र तिच्यावरून आढावेही होतील आणि सुनावण्याही होतील, आणि दूरच्या टोकाला पटवारी (आपल्याकडचा तलाठी), सचिव आणि कधीकधी स्वतः अर्जदार असेल. कंपनी नियमांतली ती तीन-चार वाक्ये उचलून सामान्य प्रशासन विभागाच्या एका पानाच्या परिपत्रकात घालायला नवी यंत्रे लागत नाहीत. त्यात मी एकच भर घालीन: बैठकीचे इतिवृत्त लिहिण्यासाठी एक माणूस सभागृहात न बसवता दूरच्या केंद्रावर बसवावा आणि त्याने जे ऐकले तेवढेच लिहावे.